दाभोळचा गॅस, पेनसिल्वेनियाची विहीर आणि आपण: फ्रॅकिंगला परवानगी असावी का?

रामघाट_रोड

३० मार्च २०१८ ला दाभोळच्या जेटीला अमेरिकेतून द्रवरूप गॅस घेऊन एक जहाज लागलं. लुइझियानातल्या सबीन पासहून निघालेला, ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या वीस वर्षांच्या करारातला तो पहिला माल. करार २०११ चा, वर्षाला ३५ लाख टनांचा. आता दाभोळहून निघणारी गेलची वाहिनी जाते कुठे? कोल्हापूर, बेळगाव, धारवाड करत बेंगळुरूला. आणि अमेरिकेत आज जो गॅस निघतो त्यातला बहुतेक शेल खडक (चिखल दबून झालेला थरांचा दगड) फोडून, म्हणजे फ्रॅकिंगनं काढलेला असतो.

म्हणजे ज्यांच्या घरी पाइपगॅस आलाय त्यांच्या चहाला थोडाफार तरी तिकडचा जाळ लागत असणार. (कतारचा गॅस असतो, देशातलाही असतो, सगळं एकत्रच वाहतं. शिवाय लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्यामुळं दाभोळला कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाजच लागत नव्हतं, हा आपला खास कारभार.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन-तीन किलोमीटर खाली सरळ बोअर मारायची, मग तिथनं ती आडवी वळवायची आणि प्रचंड दाबानं पाणी, वाळू आणि थोडी रसायनं आत सोडायची. खडकाला केसासारख्या भेगा पडतात, वाळूचे कण त्यात अडकून भेगा मिटू देत नाहीत, आणि अडकलेला गॅस वर येतो. पहिले प्रयोग १९४७ चे. पण आडवी बोअर आणि हे तंत्र यांची जोडी टेक्सासच्या बार्नेट शेलमध्ये २००० नंतरच्या काही वर्षांत जमली आणि मग सगळंच बदललं.

फ्रान्सनं २०११ मध्ये बंदी घातली. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०१९ ला ब्लॅकपूलजवळ २.९ रिश्टरचा धक्का बसला आणि नोव्हेंबरात काम थांबवलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारनं बंदी उठवली, पंतप्रधान बदलले आणि ऑक्टोबरात परत लावली. आपल्याकडं २०१३ ला सरकारी कंपन्यांना शेल शोधायची मुभा मिळाली, २०१८ ला बाकीच्यांना, आणि मार्च २०२५ मध्ये संसदेनं १९४८ चा तेलक्षेत्र कायदा बदलून शेल गॅसही त्याच व्याख्येत घेतला. कागदावर दार सताड उघडं आहे, फक्त आत कुणी फारसं गेलेलं नाही.

माझं म्हणणं असं की आपण गॅस जाळतो तर निदान तो कसा निघतो यावर एक मत असायला पाहिजे. नुसतं 'प्रदूषण होतं, नको' म्हणून दुसऱ्याच्या रानातला गॅस आणून जाळायचा हे मला पटत नाही. बोला.

वाचनमात्र

खुर्ची टाकून बसलोय.

बिंगहॅमटनवासी_टिळकवाडीकर

धाग्याचं नाव वाचून राहवलं नाही. मी न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण टोकाला राहतो. गाडी काढली की थोड्या वेळात पेनसिल्वेनियाची हद्द. खाली खडक एकच, मार्सेलस शेल, आणि वर दोन राज्यं. पेनसिल्वेनियात हजारो विहिरी. न्यूयॉर्कनं डिसेंबर २०१४ मध्ये आरोग्य खात्याच्या अहवालाचा आधार घेऊन बंदी जाहीर केली, २०२० ला तिचा कायदाच केला.

आता बेळगावकरांना आवडेल असा भाग. २०१५ साली माझ्या आसपासच्या पंधराएक गावांनी चर्चा सुरू केली की आपण न्यूयॉर्क सोडून पेनसिल्वेनियात जाऊ या! कारण हेच. हद्दीपलीकडच्या शेतकऱ्याला जमिनीखालच्या गॅसचं भाडं मिळतंय, नवा ट्रॅक्टर आलाय, कोठाराला नवं छप्पर आलंय, आणि अलीकडचा शेतकरी तेवढीच जमीन घेऊन कर भरत बसलाय. त्यातनं काही निघालं नाही. पण त्या बातम्या वाचताना मला आपल्या बेळगावच्या चन्नम्मा चौकातच, सीमावादाच्या गर्दीत उभं असल्यासारखं वाटायचं. फरक एवढाच की त्यांच्यात भाषेचा प्रश्न नव्हता, नुसता पैशाचा होता.

आणि डिमॉक. हद्दीपलीकडचं छोटं गाव. २००९ च्या नववर्षदिनी तिथं एका बाईच्या घरची पाण्याची विहीर मिथेन साचून फुटली. नळाला काडी लावली तर पाणी पेटतं, तसले व्हिडिओ या भागातनंही आले. खटले वर्षानुवर्षं चालले. २०२२ मध्ये कंपनीनं कोर्टात आरोप लढवायचं सोडलं आणि गावासाठी नळयोजनेचा खर्च द्यायचं कबूल केलं. तेरा वर्षं लोक टाकीनं नाहीतर बाटलीनं पाणी आणून पीत होते.

उद्यमबाग_फौंड्री

टिळकवाडीकर, एक विचारतो. ती विहीर फुटली ती खडक फोडल्यामुळं की बोअरच्या केसिंगमुळं, म्हणजे आत बसवलेल्या पाइपमुळं? कारण दोन किलोमीटर खालची भेग वरच्या विहिरीपर्यंत येते म्हणणं मला पटत नाही ओ.

बिंगहॅमटनवासी_टिळकवाडीकर

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. डिमॉकमध्ये दोष सापडला तो केसिंग आणि सिमेंटमध्ये. पाइप आणि खडक यांच्यातली फट सिमेंटनं नीट भरली नाही की वरच्या थरातला गॅस त्या फटीतनं पाण्याच्या थरात शिरतो. कंपनीवाले म्हणायचे, 'हे फ्रॅकिंग नव्हेच, हा बांधकामातला दोष.' अहो, पण पाणी पिणाऱ्याला काय फरक पडतो? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा २०१६ चा मोठा अहवालही असंच म्हणतो: काही परिस्थितीत पिण्याच्या पाण्यावर परिणाम होतो. सगळीकडे होतो असं नाही आणि कुठंच होत नाही असंही नाही.

आणि २००५ च्या ऊर्जा कायद्यात फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या केंद्रीय कायद्यातनंच वगळलेलं. म्हणजे नियम मोडला म्हणायला आधी नियम तर पाहिजे.

उद्यमबाग_फौंड्री

मग मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. आमच्याकडं कोअर ओव्हन आणि हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या. फर्नेस ऑइलवर चालवताना धूर, काजळी, बर्नर दर आठवड्याला खोलून साफ करायचा. गॅसवर तापमान कसं सुतासारखं सरळ राहतं ते येऊन बघा. २०२२ ला युक्रेनची लढाई पेटली, जगात गॅसचे भाव कुठल्या कुठं गेले, आणि ऑर्डर आधीच्या भावानं घेतलेल्या. देशाला लागणारा जवळजवळ निम्मा गॅस बाहेरनं येतो. सरकार म्हणतंय गॅसचा वाटा ६ टक्क्यांवरनं २०३० पर्यंत १५ वर न्यायचा. कुठनं न्यायचा? आपल्याच जमिनीत असेल तर काढायला काय हरकत आहे, असं कारखानदाराला वाटणारच.

पण वाळूचं कुणी बोललं नाही, ते बोलतो, कारण वाळू हा आमचा धंदा. खडकाच्या भेगेत घालायला जी लागते ती गोल दाण्याची, स्वच्छ सिलिका वाळू. एकेका विहिरीला हजारो टन. विस्कॉन्सिनमध्ये तिच्यासाठी डोंगरच्या डोंगर खणले. आणि ती वाळू ट्रकातनं मशीनमध्ये फुंकतात तेव्हा उडते ती धूळ. २०१२ मध्ये अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्यानं फ्रॅकिंगच्या साइटवरच्या सिलिका धुळीबद्दल जाहीर इशारा दिला होता. शेकआउटला, म्हणजे वाळूचा साचा फोडून ओतीव माल काढायच्या कामाला असलेल्या जुन्या माणसाची छाती कशी वाजते ते मी ऐकलंय. पाण्याची भांडणं सगळे भांडतात, त्या वाळूच्या होजपाशी उभ्या असलेल्या पोराचं नाव कुणी घेत नाही.

कलादगी

भूशास्त्र शिकलेला माणूस म्हणून चार ओळी, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

बेळगाव शहराखाली आणि पश्चिमेला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बसाल्ट, त्यावर जांभा. लाव्हाचा खडक. त्यात शेल गॅस शोधणं व्यर्थ. खानापूरच्या दक्षिणेला आणखी जुना धारवाडी खडक, तिथंही नाही. पण गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग करत बागलकोटकडं जाल तर कलादगीचा गाळखडक लागतो. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरनं बावन्न मीटर खाली पडतो तो त्याचाच क्वार्टझाइट. त्या मालिकेत चुनखडी आहे, शेलही आहे. देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत 'भीमा-कलादगी' हे नाव आहे, पण तिथं आजवर तेल-वायू सापडलेला नाही.

खडकाचं वय शंभर कोटी वर्षांच्या वर. मार्सेलस त्यामानानं पोर, एकोणचाळीस कोटींच्या आसपास. पुष्कळ जण इथंच थांबून 'एवढ्या जुन्या खडकात गॅस कसला' म्हणून विषय संपवतात. तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात बीटालू म्हणून खोरं आहे, तिथला शेल सुमारे १४० कोटी वर्षांचा आहे आणि गॅस आहे. तिथंही आधी स्थगिती होती, २०१८ ला उठवली. तेव्हा वय बघून निकाल देऊ नये. खडक किती तापला, त्यात सेंद्रिय द्रव्य किती उरलं हे बघावं लागतं. मला विचाराल तर कलादगीत फार काही हाती लागेल असं वाटत नाही.

देशात शेलमधनं गॅस पहिल्यांदा वर आला तो जानेवारी २०११ मध्ये, दुर्गापूरजवळ इच्छापूरला, ओएनजीसीच्या विहिरीत. नंतर खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी इथं चाचण्या झाल्या. व्यापारी उत्पादन मात्र उभं राहिलं नाही.

मिरची_पावडर_संकेश्वर

म्हणजे आपल्याकडं गॅस निघणार नाही आणि तरी आपण भांडतोय. शुद्ध बेळगावी परंपरा.

(निघाला तर मात्र सीमावादावरचा महाजन अहवाल दोन्ही बाजू पुन्हा नव्यानं वाचतील, लिहून घ्या.)

खानापूरची_मी

@मिरची_पावडर, हसा. आमच्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम, देगावला म्हादईचा. २०१८ ला म्हादई लवादानं कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं आणि तेव्हापासून तिन्ही राज्यं आमच्या नाल्यांची मापं काढत बसलीत. आम्हाला कुणी विचारलं? उद्या कुठंही या विहिरी झाल्या तर पाणी लागणारच ना? एका विहिरीला दीड-दोन कोटी लिटर लागतं असं वाचलं.

रामघाट_रोड

हा आकडा मी कागदावर मांडून बघितला. एक टीएमसी म्हणजे २,८३२ कोटी लिटर. विहिरीला दोन कोटी धरलं तर एका टीएमसीत चौदाशे विहिरी.

आता उसाकडं बघा. एका पिकाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी. हेक्टरला हिशेब केला की होतं दोन कोटी लिटर. म्हणजे एक फ्रॅकिंगची विहीर आणि अडीच एकर ऊस, पाणी सारखंच! हिडकलच्या कालव्यावर उसाचे किती फड आहेत ते प्रत्येकानं डोळ्यांसमोर आणावं. 'पाणी संपेल' हा मुद्दा घेऊन आपल्या जिल्ह्यातला माणूस या वादात उतरला तर समोरचा साखर कारखान्याच्या चिमणीकडं बोट दाखवेल आणि आपल्याला गप्प बसावं लागेल.

खानापूरची_मी

तुमचा हिशेब मान्य, निष्कर्ष नाही. उसाला दिलेलं पाणी हवेत जातं, जमिनीत मुरतं, फिरून येतं. विहिरीत घातलेलं परत वर येतं ते काय होऊन येतं? समुद्रापेक्षा कितीतरी पट खारं, मार्सेलसमध्ये तर रेडियमसकट. त्याचं पुढं काय करायचं? टिळकवाडीकरांनी सांगावं.

मी लग्न होऊन शहापुरात आहे. पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगतो आणि शहराची घाण घेऊन वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात घुसतो. बासमतीचं रान, रोप लावून झालेलं, आणि वर काळा साय धरलेला चिखल. पाणी ओसरल्यावर बांधावर प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, आणि हात घातला तर दोन दिवस खाज. साधं सांडपाणी कुठं न्यायचं हे ज्या गावाला वर्षानुवर्षं जमलं नाही, त्यानं रेडियमच्या पाण्याची व्यवस्था लावायची म्हणता? किती पाणी आत जातं हे सोडा, बाहेर येतं त्याचं बोला.

बिंगहॅमटनवासी_टिळकवाडीकर

काही पुढच्या विहिरीत परत वापरतात, ते प्रमाण वाढलंय. उरलेलं पेनसिल्वेनियातनं टँकर भरभरून ओहायोला जातं, तिथं खोल बोअरमध्ये कायमचं सोडतात. दुसऱ्या राज्यात! हद्द इथंही कामाला येते.

आणि त्या खोल बोअरमुळं भूकंप. ओक्लाहोमात सप्टेंबर २०१६ ला पॉनी इथं ५.८ चा झाला. फ्रॅकिंगचे धक्के बहुतेक बारीक असतात, मोठे आले ते सांडपाणी वर्षानुवर्षं खाली ढकलल्यामुळं.

कलादगी

हे आपल्या लोकांना समजावणं सोपं जावं. ११ डिसेंबर १९६७ ची कोयना भूकंपाची पहाट आठवणारे अजून आहेत घराघरात. कोयनेचं धरण भरलं, पाण्याचा दाब भेगांत उतरला आणि आधीच ताणलेला खडक सरकला. ओक्लाहोमात धरणाऐवजी पंप होता, दाबाचं गणित तेच.

कुडगीचा_धूर

सगळे गॅसच्या मागं लागलेत. विजापूर जिल्ह्यात कुडगीला २,४०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र आहे, त्याच्याशी तुलना करा. अमेरिकेत २००५ ला निम्मी वीज कोळशावर होती, आज पाचव्या हिश्श्याच्याही खाली आली. ते आंदोलनांनी झालं नाही, स्वस्त शेल गॅसनं झालं. बंदी मागणाऱ्यांनी कोळशाची राख कधी अंगावर घेतली आहे का?

खानापूरची_मी

आणि गळणारा मिथेन? वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून जास्त उष्णता धरतो. विहीर, पाइप, जहाज, टर्मिनल, कुठंही गळला की तुमचा कोळशावरचा फायदा खाऊन टाकतो. त्यात तुमचा गॅस आधी गोठवायचा, अर्ध्या जगाला वळसा घालून आणायचा, मग परत तापवायचा.

कुडगीचा_धूर

गळती मोजता येते, बंद करता येते. कोळशाचं तसं नाही.

खानापूरची_मी

येते हो. कोण मोजणार, ते सांगा.

रानातला

नमस्कार मंडळी. शिकलेली माणसं बोलतायसा, मी मधी बोलू का? गोकाकच्या वाटंवर आमचं रान हाय. ही दाभोळची पाइप आमच्या रानातनंच गेलीया. जमीन आमच्याच नावावर हाय, उताऱ्यावर नाव आमचं. पण त्या पट्ट्यात झाड लावायचं न्हाई, हीर काढायची न्हाई, शेड मारायचं न्हाई. ऊस लावतो, तेवढं चालतंय. खणताना वरची काळी माती खाली गेली आणि खालचा मुरूम वर आला, ती पट्टी अजून पिवळीच दिसती. दोन्हीकडचा ऊस डोक्याच्या वर, मधला कमरंएवढा. लांबनं बघितलं तरी पाइप कुठनं गेलीया ते कळतंय.

ते अमेरिकेतलं भाडं मिळतंय म्हणालासा. आम्हाला एकदा पैसे दिले आणि संपलं. म्हणून विचारतो, गॅस निघाला तर रानवाल्याला काय मिळणार?

काळा_कोट_बेळगाव

रानातला, हाच प्रश्न पहिल्यांदा यायला पाहिजे होता.

अमेरिकेत जमिनीखालचं खनिज बहुतेक ठिकाणी जमीनमालकाचं. तो भाडेकरार करतो, सही करताना रक्कम घेतो आणि निघालेल्या गॅसवर हिस्सा घेतो. पेनसिल्वेनियात कायद्यानं तो किमान एक अष्टमांश. (कंपन्या त्यातनंही खर्च कापतात म्हणून तिकडं वेगळी भांडणं.) म्हणून तिथल्या गावात शेतकरीच दोन तट पाडून भांडतो. 'हो' म्हणायचं की 'नाही' हे निदान त्याच्या हातात असतं.

आपल्याकडं पेट्रोलियमचा परवाना सरकार देतं. जमिनीवरच्या क्षेत्राला राज्य सरकार, केंद्राच्या पूर्वमान्यतेनं. रॉयल्टीही सरकारजमा. २०१३ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की कायद्यानं काढून घेतली नसेल तर भूगर्भाची मालकी जमिनीच्या मालकाची. वाचायला छान वाटतं, पण तेल-वायूला परवान्याशिवाय हात लावता येत नाही, त्यामुळं शेतकऱ्याच्या पदरात काही पडत नाही. त्याला मिळतो तो वरच्या जमिनीचा मोबदला.

म्हणून वर चाललेला पाण्याचा आणि भूकंपाचा वाद मला थोडा पुढचा वाटतो. 'परवानगी द्यावी का' हा प्रश्न इथं शेतकऱ्याला कुणी विचारतच नाही. तामिळनाडूत २०१७ ला नेडुवासलची गावं हायड्रोकार्बनच्या विहिरींविरुद्ध महिनोन्‌महिने बसली, तेव्हा कुठं २०२० मध्ये कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित शेती क्षेत्र ठरवणारा कायदा आला. आपल्याकडं हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टात गेलेत, ते रस्त्यासाठी. रस्ता निदान डोळ्यांना दिसतो.

उद्यमबाग_फौंड्री

वकीलसाहेब, शेतकऱ्याला हिस्सा द्या, बघा किती विरोध शिल्लक राहतो.

काळा_कोट_बेळगाव

राहील तो शेजाऱ्याचा. हिस्सा ज्याच्या रानात विहीर त्याला, आणि बिघडलेलं पाणी बांधापलीकडच्याच्या हिरीत. डिमॉकमध्ये तेच झालं ना?

बिंगहॅमटनवासी_टिळकवाडीकर

झालं. शेजारी शेजाऱ्याशी बोलत नाहीत अजून.

रानातला

वकीलसाहेब, आमचं जरा खासगी हाय पण इथंच विचारतो. पाइपच्या वेळी बाजारभावाच्या दहा टक्के मिळतील म्हणाले हुते. पिकाचे पैसे धरून एकच आकडा दिला. त्यात कशाचे किती ते अजून कळलं न्हाई.

काळा_कोट_बेळगाव

१९६२ च्या पाइपलाइन कायद्यात दोन्ही वेगळं आहे. वापराच्या हक्काचे अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या दहा टक्के, आणि खणताना पिकाचं, झाडाचं, जमिनीचं जे नुकसान झालं ते निराळं. आधी सक्षम प्राधिकारी ठरवतो, त्याचा आकडा मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीश. एवढी वर्षं झाल्यावर मुदतीचा प्रश्न येईल, म्हणून आश्वासन देत नाही. तेव्हाचा पंचनामा, पैसे मिळाल्याची पावती आणि त्या सालचा उतारा आहे का?

रानातला

पावती हाय, पंचनामा हाय. सगळं कानडीत हाय. बोलायला येतंय, वाचायला न्हाई येत.

खानापूरची_मी

मला येतं. शाळा कानडी माध्यमाची. रविवारी शहापुरात या, वकीलसाहेब पण येत असतील तर बरं. पंचनाम्यात मातीचा थर उलटा झाल्याचं लिहिलंय का ते आधी बघू.

काळा_कोट_बेळगाव

येतो. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा.